आप्पांना कळेल असं

रजनी,

तुझ्या पुण्यानुमोदनाला एवढी माणसं येतील असं मला वाटलं नव्हतं, आणि आली ते मला फारसं आवडलंही नाही. दौंडच्या तुमच्या विहाराच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. रेल्वे कॉलनीतली माणसं येणार हे मी धरून चालले होते, आपल्या कॉलेजची येणार तेही. पण निमोण्याच्या बायका टेम्पो करून येतील, वडगावची पोक्त माणसं पांढरी टोपी सावरत मागे उभी राहतील, हे माझ्या हिशेबात नव्हतं. वंदना झाली, भंतेजी बोलले, आणि मग ज्याला बोलायचं आहे त्याने बोला म्हटल्यावर माणसं थांबेचनात. कुणी तुझा स्वभाव सांगितला नाही की तुझं शिक्षण सांगितलं नाही. प्रत्येक जण तू त्याला समजावून दिलेली एकेक गोष्ट सांगत होता. नातवाला कावीळ कशी होते, शेजारणीला साखर झाली म्हणजे अंगात काय झालं. एका म्हातारीने तर डास रक्त पितो तेव्हा आपल्याला काय देऊन जातो ते तुझ्या आवाजात, तुझ्या हातवाऱ्यांसकट करून दाखवलं, आणि तुझ्या फोटोसमोर बसलेली सगळी माणसं हसली.

माझ्या शेजारी निमोण्याची एक बाई बसली होती. तिने मला निरखून विचारलं, "तुमी बी किड्यांच्याच बाई का?"

मी हो म्हटलं.

"मंग तुमाला बी रजनीबाईंनीच शिकवलं आसंल."

त्यालाही मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? ज्या अळीमुळे ती बाई तुला ओळखते, त्या अळीवर माझा शोधनिबंध आहे हे तिथे सांगायचं का?

गेलेल्या माणसाचा हेवा करणं बरं दिसत नाही, मला कळतं. पण तू जिवंत होतीस तोवर मी तो रोज करत होते, तुझ्या समोर बसून, तुझ्या डब्यातली भाजी खात. तू गेलीस म्हणून तो एका आठवड्यात कसा थांबेल? तुलाही तो माहीत होता. "सुमन, तुझं तोंड बघ, कारलं खाल्ल्यासारखं झालंय," असं तू स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणायचीस.

आपण दोघी शिरूरच्या कॉलेजात एकाच वर्षी लागलो, एकाच विभागात, आणि दोघींत मिळून एक कपाट. त्या वेळी नव्वदचं दशक नुकतं सुरू झालं होतं. गुण माझे तुझ्यापेक्षा जास्त होते, हे मी आता पुन्हा सांगते कारण ते कुणालाच आठवत नाही. मी पुण्याला शिकलेली, मायक्रोस्कोपवर माझा हात बसलेला. तू दौंडहून एसटीने यायचीस आणि उतरेपर्यंत कंडक्टरला, शेजारच्या भाजीवालीला आणि दोन-तीन पोरांना काहीतरी समजावून झालेलं असायचं. वर्गात माझ्या तासाला पोरं खाली माना घालून उतरवून घ्यायची. तुझ्या तासाला कॉमर्सची पोरं दारात उभी राहायची. मी शिपायाला विचारलं होतं, ह्यांचा काय संबंध इथे? तो म्हणाला, "बाई, बेडकाचं हृदय सांगत्यात म्हणं." मीही बेडकाचं हृदय सांगत होते. माझ्या दारात कुणी उभं राहिलं नाही.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. पोरं तुझी, सभा तुझी, कंडक्टर तुझा, घे. पण तू माझे आप्पा घेतलेस, ते मला सहन झालं नाही.

माझ्या आप्पांना तू चांगलं ओळखायचीस, तरी मी तुला कधी नीट सांगितलं नाही की आमचं काय बिनसलं होतं. वडगाव रासाईत आमच्या भावकीत कुणी मुलगी पुण्याला शिकायला ठेवली नव्हती. आप्पांनी ठेवली. चुलत्यांनी बोलणं टाकलं, तरी ठेवली. त्याच्या बदल्यात त्यांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. सुट्टीत घरी आले की संध्याकाळी ओट्यावर बसायचे आणि म्हणायचे, "हं, सांग. काय शिकलीस?" मी सांगायला लागायचे. तिसऱ्या वाक्याला ते म्हणायचे, "म्हंजी काय?" मी त्या शब्दाचा अर्थ सांगायचे. त्या अर्थात आणखी दोन नवे शब्द असायचे. "म्हंजी काय?" मग माझा आवाज चढायचा, मग त्यांचा. शेवटी ते उठायचे. "ऱ्हाऊ दे. तुझं तुलाच कळू दे." हे बी.एस्सी.ला झालं, एम.एस्सी.ला झालं, पीएच.डी.ला तर ते विचारायचेच थांबले. पेढे वाटताना त्यांना कुणीतरी विचारलं, पोरगी कशात डॉक्टर झाली? ते म्हणाले, "तिलाच ठावं." त्यांचा चेहरा मी पाहिला होता. ते चिडले नव्हते, रजनी. आपण सगळ्यांशी भांडून शिकवलेली पोर आपल्याला कळत नाही, याचं त्यांना वाईट वाटत होतं. मला त्या माणसाला एकदा तरी काहीतरी कळेल असं सांगायचं होतं. बाकीच्या जगाने मला समजून घेतलं काय, न घेतलं काय.

आणि मग दोन हजार सालानंतर लोकरी मावा आला.

ज्यांनी ती वर्षं पाहिली नाहीत त्यांना काय सांगायचं! उसाचं पान उलटं करावं तर खाली कापूस पिंजून ठेवलेला. त्यातून चिकट पाझरायचं, पानं काळी पडायची, उसातून बाहेर आलेल्या माणसाचं अंग चिकट व्हायचं. लोक पंप घेऊन मिळेल ते औषध मारत होते, आणि औषधाने मावा थोडा हटायचा आणि पुन्हा दुपटीने यायचा. त्याच माव्यात एक अळी दिसायची, डिफा नावाची, लोकरीत जाळं करून बसणारी. ती मावा खाते. ती किती खाते, कधी वाढते, कोष कधी करते, औषधाने आधी ती मरते की मावा, हेच माझं काम होतं. आप्पांनी भीमेच्या कडेच्या रानातला एक कोपरा मला अभ्यासाला दिला होता. मी उसाला रंगीत चिंध्या बांधून ठेवल्या होत्या.

वडगावच्या सोसायटीच्या हॉलमध्ये माझं भाषण ठेवलं. मी शिरूरहून प्रोजेक्टर नेला. आप्पा पहिल्या रांगेत, इस्त्रीचा सदरा घालून. मी बोलले ते सगळं बरोबर होतं. 'परभक्षी कीटकांची वाढ ही भक्ष्य किडीच्या वाढीपाठोपाठ होत असते, म्हणून या अळीकडे विशेष लक्ष द्यावे,' असं मी म्हटल्याचं मला स्वच्छ आठवतं. मागून कुणीतरी ओरडलं, "बाई, औषध कंचं मारायचं त्येवढं सांगा." सभा संपली.

पुढच्या रविवारी मी रानात गेले तर आप्पा बांधावर वाट बघत उभे. चेहऱ्यावर अशी खुशी की मी लहानपणी पहिला नंबर आणला तेव्हा होती तशी. पायाशी पत्र्याचा डबा. डब्यात रॉकेलचं पाणी आणि वर तरंगणाऱ्या माझ्या अळ्या.

"चार बाया लावल्या. चिंध्या बांधलेल्या समद्या उसावरनं येचून काढल्या," ते म्हणाले. "तू म्हनली व्हतीस ना, अळीकडं इशेष लक्ष द्या. एक बी ठिवली न्हाई."

मी मटकन बांधावर बसले. "आप्पा, ती आपली होती!"

"अळी आपली कवापास्नं झाली?"

खरंच आहे. जन्मभर ज्याने घाट्यात, बोंडात, कणसात अळी दिसली की चिरडली, त्याला मी चष्मा पुसत 'विशेष लक्ष द्या' म्हणाले होते. त्याने दिलं. माझा सगळा हंगाम त्या डब्यात तरंगत होता. मी रडले, आप्पा आधी गोंधळले मग संतापले, आणि पुन्हा तेच, "ऱ्हाऊ दे, तुझं तुलाच कळू दे."

तुला सोमवारी मी हे सांगितलं ते रडगाणं म्हणून. तू हसलीस आधी, ते मी विसरलेले नाही. मग म्हणालीस, "चल, मी येते वडगावला."

तू पहिल्यांदा आमच्या घरी आलीस तेव्हा चहा कुठल्या कपात द्यायचा याचा आईने एक क्षण विचार केला. तू तो पाहिलास. मी तो पाहिला आणि मान खाली घातली. तू आलेला चहा प्यायलीस. दुसऱ्या वेळी सरळ आत जाऊन मांडणीवरचे कप स्वतः काढलेस आणि आईला म्हणालीस, "मावशी, साखर कमी, तुमच्या हाताला साखर लई." आई हसली आणि तो विषय आमच्या घरातून संपला. मला हे कधी जमलं नसतं. घर माझं होतं तरी.

पण त्या पहिल्या दिवशी, चहानंतर, तू आणि आप्पा बांधावर बसलात आणि मी मागे उभी होते. तू मावा आणि अळी सोडून भलतंच विचारलंस.

"आप्पा, ऊस तोडायची टोळी आधी येती का ऊस आधी वाढतो?"

"ही काय इचारायची गोष्ट हाय? ऊस वाढल्याबिगर टोळी येऊन काय करील?"

"म्हंजी टोळी जरा मागनंच येती."

"मागनंच. कवा कवा लईच मागनं," आप्पा म्हणाले आणि कारखान्याला एक शिवी हासडली.

"आन् आली, रानाच्या कडंला ऱ्हायला पाचटाच्या कोप्या घातल्या, आन् तुम्ही रागानं त्यांच्या कोप्याच पेटवून दिल्या तर?"

"आसं कोन करतं व्हय?"

"तुम्ही केलं, आप्पा. गेल्या आठवड्यात."

आप्पा तुझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तो पत्र्याचा डबा पाहिला, जो अजून तिथेच पडला होता. "म्हंजी ही... ह्या अळ्या मावा तोडत्यात?"

"खात्यात. दुसरं काय खायचं त्यांना ठावंच न्हाई. आन् औषध मारलं की टोळी आधी मरती. मावा लोकर पांघरून मागं ऱ्हातो."

आप्पांनी डबा जवळ ओढून आत वाकून पाहिलं. मग त्यांनी एकामागून एक प्रश्न विचारले. टोळी एका रानातून दुसऱ्या रानात जाते, ही जाते का? हिची पोरंबाळं कुठं असतात? थंडीत काय करते? रजनी, त्यातल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं आणि तुला माझ्याकडून माहीत होतं. त्यांनी एकही प्रश्न मान वळवून मला विचारला नाही. शेवटी एकच विचारला.

"आगं सुमे, हे तू का न्हाई सांगितलं?"

परतीच्या एसटीत मी तुझ्याशी भांडले. तोड संपली की टोळी गावाला जाते, अळी जात नाही, कोष करते. टोळीची उपमा चुकीची आहे, असं मी म्हणाले. तू पेरू खात होतीस. "पुढच्या वेळी गेलीस की तू सांग कोषाचं," तू म्हणालीस. "पहिल्या दिवशी सगळं खरं सांगायचं नसतं गं. माणूस दुसऱ्या दिवशी आपणहून विचारायला येईल एवढंच सांगायचं." मी म्हटलं, हे विज्ञान नाही. तू म्हणालीस, "बरं." आणि पेरूची अर्धी फोड मला दिलीस.

त्यानंतर आप्पा तुझे झाले. मी घरी गेले की पहिला प्रश्न, "रजनीबाई न्हाई आल्या?" पेपरात काही आलं, एड्सचं, चिकुनगुन्याचं, की कात्रण काढून ठेवायचे. मला नाही दाखवायचे. "रजनीबाईंना इचारू." एकदा तर त्यांनी माझ्याच संशोधनाची बातमी जिल्ह्याच्या पानावर आलेली कापून ठेवली होती, तुला विचारायला. मी समोर बसून बाजरीची भाकरी खात होते.

आणि मग ते वाण. तोवर माव्यावर तुझ्या गावोगाव सभा सुरू झाल्या होत्या. निमोण्याच्या सभेत बायका म्हणाल्या, आमच्या उसात मावा आहे पण अळीच नाही. तू मला विचारलंस, अळी एका रानातून दुसऱ्या रानात कशी न्यायची? मी सांगितलं, अळी आणि कोष असलेल्या पानाचे तुकडे कापायचे, माव्याच्या पानाला टाचायचे. मी स्टेपलर वापरते. तू म्हणालीस, बाभळीचा काटा चालेल? चालेल की. संक्रांत तोंडावर होती. त्या वर्षी तू निमोण्याच्या बायकांना सांगितलंस की हळदीकुंकवाला वाण म्हणून वाटी-चमचा नको, पानाचा तुकडा द्या. तू स्वतः कुंकू लावत नव्हतीस, हळदीकुंकवाला जात नव्हतीस, आणि कुणीतरी कुजबुजलंच, आता ह्या आपल्याला वाण शिकवणार. तू उभी राहून म्हणालीस, "कुंकू तुमचं तुम्ही लावा. पान माझ्याकडनं घ्या. आन् ज्या बाईला तुम्ही कुंकवाला बोलवत न्हाई तिला बी पान द्यायचं. तिला नवरा हाय का न्हाई हे अळीला कळत न्हाई." मी दारात उभी होते आणि माझ्या अंगावर काटा आला. कौतुकाने आला आणि हेव्यानेही. मला ते वाक्य सात जन्मांत सुचलं नसतं.

पण त्यातच ते झालं. निमोण्याच्याच शेवंताबाईचा ऊस स्वच्छ होता, त्यात मावा नव्हताच. तिला पान मिळालं. आता वाण कुणी नाकारतं का? आणि घेतलेलं वाण कुणी टाकून देतं का? तिने ते भक्तिभावाने नेऊन आपल्या चांगल्या उसाला काट्याने टाचलं. पानावर अळी होती तसा थोडा मावाही होता. शिमग्यापर्यंत तिच्या उसाच्या पानांखाली कापूस लोंबत होता.

मला बरं वाटलं. लपवत नाही. शिरूरच्या स्टँडवर तुझी गाडी लागलेली, आणि मी तुला म्हणाले, "तू एक वाक्य गाळलंस. ज्यांच्या रानात मावा नाही त्यांनी पान लावू नका, हे मी तुला सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस," तू म्हणालीस. "मी चुकले."

एवढ्यावर मला थांबता आलं नाही. सोपं करायच्या नादात लोक हेच करतात, मी म्हणाले, आणि आणखी बरंच.

तू ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "मला एक सांग. ते वाक्य आधी म्हटलं असतं तर निम्म्या बायकांनी भीतीनं पानच घेतलं नसतं. शेवटी म्हटलं असतं तर तिळगूळ वाटायच्या गडबडीत कुणी ऐकलं नसतं. मग म्हणायचं कधी? तू विचार करून सांग. मी खरंच विचारतेय."

गाडी सुटली. मी उत्तर दिलं नाही, कारण मला आलं नाही. अजून येत नाही. तू मात्र पुढचे सगळे रविवार शेवंताबाईच्या रानात घालवलेस, आमच्या आप्पांच्या उसातली अळ्यांची पानं पिशवीतून नेऊन तिच्या उसाला लावत, ती शिव्या देत असताना. टोळी मागून आली, पण आली. परवा निमोण्याहून तो टेम्पो भरून आणणारी शेवंताबाईच होती.

मी तुझा हेवा करते म्हणजे काय करते हे मला कधीकधी समजत नाही. माझा शोधनिबंध छापून आला तेव्हा तो मन लावून कुणी वाचला असेल तर तू. पीएच.डी.च्या मार्गदर्शकांनी विचारले नव्हते तेवढे प्रश्न तू विचारलेस. "हे असंच का? उलट का नाही?" मी चिडायचे नाही तुझ्यावर. मी सांगत जायचे आणि सांगता सांगता मलाच ते जास्त नीट दिसायचं. म्हणजे मला एका माणसाला समजावता येत होतं. ते माणूस पुढे जाऊन सगळ्या तालुक्याला समजावत होतं. हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही, आणि तुझ्याजवळ तर नाहीच.

पावसाळ्यात तुला ताप यायला लागला, हिरड्यांतून रक्त यायला लागलं. पुण्याच्या दवाखान्यात तू रिपोर्ट माझ्या हातात दिलास. तुझा भाऊ खाली औषधं आणायला गेला होता.

"तुला कळतं," तू म्हणालीस. "डॉक्टर घाईत असतात. तू मला सांग, सोपं करून."

मी कागद वाचला. पहिल्या ओळीलाच मला कळलं होतं. आणि मी तुला अस्थिमज्जा सांगितली, अपरिपक्व पेशींचं प्रमाण सांगितलं, पेशींचे प्रकार सांगितले, इंग्रजीत सांगितले, कारण मराठीत सांगितले असते तर कळले असते. तू मान हलवत होतीस. मग हसायला लागलीस. "सुमे, तू मेलीस तरी सोपं बोलायची नाहीस." मला सुमे फक्त आप्पा म्हणतात. मी पाणी आणते म्हणून बाहेर आले आणि जिन्यात उभी राहून रडले. त्यानंतरही किती वेळा येऊन बसले तुझ्याजवळ, कॉलेजातल्या भानगडी सांगत, परीक्षांचं सांगत. एक गोष्ट तू विचारली होतीस तेवढी राहिली.

काल मी वडगावला गेले. आप्पांचे गुडघे गेलेत, त्यांना दौंडला नेता आलं नव्हतं. ते ओट्यावर बसले होते. मी बसल्यावर म्हणाले, "हं. सांग. रजनीबाईंना काय झालं व्हतं?"

किती वर्षांनी त्यांनी मला काही सांग म्हटलं होतं.

मी म्हटलं, आप्पा, मटणाची नळी असते ना, तिच्या आतला गर. आपल्या हाडांत तसा गर असतो आणि सगळं रक्त तिथे तयार होतं. उसाच्या बेटात जसे फुटवे येतात तशा तिथे रक्ताच्या पेशी फुटतात, वाढतात, पिकतात आणि मग अंगात कामाला जातात. पण उसात पाणकोंब येतात ते तुम्हाला माहीत आहेत. जाडजूड, भराभर वाढणारे, साखर नाही की काही नाही, नुसतं पाणी. ते खत ओढतात, जागा खातात आणि खऱ्या उसाला वर येऊ देत नाहीत. रजनीच्या हाडांत तसले पाणकोंब आले. पिकायचं त्यांना माहीतच नव्हतं. खऱ्या पेशींना जागा राहिली नाही, म्हणून साधा ताप तिला झेपेना, म्हणून रक्त थांबेना. मग औषध दिलं. पण त्या औषधाला खरा ऊस कुठला आणि पाणकोंब कुठला हे ओळखता येत नाही, ते दोन्ही जाळतं. केस गेले, तोंड सोललं. सगळं जाळून झाल्यावर डॉक्टर वाट बघत होते की आता खरा कोंब फुटतो का. आप्पा, पुन्हा फुटले ते पाणकोंबच. दुसऱ्यांदा जाळायला तिच्यात काही उरलं नव्हतं.

मी थांबले. आणि मग माझ्या लक्षात आलं की सगळं सांगून होईपर्यंत आप्पा एकदाही 'म्हंजी काय' म्हणाले नव्हते. ते समोर बघत होते. "कळलं," ते म्हणाले.

मी आत गेले. मोरीत तोंडावर पाणी मारलं. मला काय वाटत होतं ते तुला सांगू? तू गेल्याच्या दुःखात मी खूश होते. एवढी वर्षं. शेवटी एकदा.

आई चुलीपाशी होती. ती हळूच म्हणाली, "त्येंना ठावं व्हतं गं."

"काय?"

"दिवाळीत ती आली व्हती ना भावाच्या गाडीवर. तुझ्या परीक्षा चालल्या व्हत्या. समदं सांगून गेली त्येंना. आन् म्हनली, आप्पा, माझ्या माघारी सुमन सांगायला यील. तवा मधी बोलू नका. मला ठावं हाय आसं बी म्हनू नका. तिला पुरतं बोलू द्या."

रजनी, त्या क्षणी तू समोर असतीस तर मी तुला मारलं असतं. माझ्या बापाचं माझं ऐकून घेणं, तेसुद्धा तूच लावून गेलीस? काही म्हणून माझ्यासाठी ठेवलं नाहीस? मी तशीच ओल्या तोंडाने बाहेर आले.

"तुम्हाला सगळं आधीच माहीत होतं. मग कशाला ऐकत बसलात?"

आप्पांनी वर पाहिलं. त्यांचे डोळे भरलेले होते, आणि मी त्यांना आजी गेली तेव्हाही रडताना पाहिलेलं नव्हतं.

"तिनं सांगितलं व्हतं," ते म्हणाले. "हसत हसत सांगितलं. मला बी हसवलं. ती घरला गेल्यावर मी तुझ्या आईला म्हनलो, बरी हुईल पोरगी, काय न्हाई. ती मरनार हाय हे तिनं सांगून बी मला कळलं न्हाई, सुमे. आत्ता तू सांगितलं तवा कळलं."

ते खांद्यावरच्या टॉवेलात तोंड घालून रडायला लागले आणि मी त्यांच्या शेजारी ओट्यावर बसले. आम्ही दोघं तुझ्यासाठी रडत होतो, आणि त्यातही मला वाटत होतं ते तुला सांगून टाकते. तालुका तुझा, विहारातली माणसं तुझी, माझी अळीसुद्धा तुझी. पण तू गेलीस हे आप्पांना मी सांगितलं. हे एवढं माझं आहे, रजनी. हे मी तुला देणार नाही.